विशारद झाल्यावर पुढे काय? कथक नर्तन आणि अध्यापन, व्यवसाय म्हणून

मृण्मयी_ठाह
नमस्कार मंडळी. कथक विशारद ही परीक्षा पूर्ण झाली आहे, रियाज चालू आहे, आणि आता नृत्यावरच घर चालवायचं नक्की केलं आहे. क्लास आणि कार्यक्रम दोन्ही करायचे आहेत. 'मेहनत घे, होईल सगळं' हे बऱ्याचदा ऐकून झालं. इथे नेमकी माहिती हवी आहे. जागा कशी असावी, किती मुली घ्याव्यात, फी कशी ठरवावी, पहिल्या वर्षी काय शिकवावं, कार्यक्रम कसे मिळतात, कायद्याचं काय बघायचं? शास्त्रीय नृत्याच्या इतर शैलींतल्या जाणकारांनीही लिहा.

लयवेडी
चांगला धागा. एक गोष्ट सुरुवातीलाच मनाशी ठरवून टाका. नाचता येणं आणि शिकवता येणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत आणि दोघांचे हिशेबही वेगळे आहेत. क्लासमधून दरमहा पैसा येतो. कार्यक्रमातून नाव मिळतं, पण पहिली काही वर्षं कार्यक्रमाचा पैसा साथीदार, पोशाख आणि प्रवासातच जातो. म्हणून आठवड्याचं वेळापत्रक आखताना आधी स्वतःचा रियाज लिहा आणि मग बॅचेस. उलट केलं तर दोन वर्षांत रियाज संपतो आणि त्यानंतर शिकवणंही शिळं होतं. सकाळचे दीड-दोन तास कुणालाही देऊ नका, कितीही चांगली शिकवणी चालून आली तरी.

विशारदबद्दल एक खुलासा. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची साखळी प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशी जाते. खाजगी क्लास काढायला यातली कुठलीच पदवी कायद्याने सक्तीची नाही, पण विद्यार्थिनींना परीक्षेला बसवायचं असेल तर पालक पहिला प्रश्न तुमच्या पदवीचाच विचारतात. विशारद म्हणजे सगळीकडे बी.ए. असं मात्र धरून चालू नका. शाळा-महाविद्यालयाच्या प्रत्येक जाहिरातीत पात्रता वेगळी लिहिलेली असते, ती शब्दशः वाचा. महाविद्यालयात प्राध्यापक व्हायचं असेल तर विद्यापीठाची एम.ए. आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. नेटमध्ये नृत्य, नाट्य, रंगभूमी असा एकत्रित विषय आहे. पुण्यात विद्यापीठाचं ललित कला केंद्र आणि मुंबईत नालंदा नृत्यकला महाविद्यालय, इथे नृत्याचं पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण आहे.

मध्यलय
जागेबद्दल लिहितो, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं आणि ते दिसायला वर्ष-दोन वर्षं लागतात.

तत्काराला (कथकमधले तालावरचे पायांचे आघात) अनवाणी पायाचा तळवा जमिनीवर आपटतो, तासाला हजारो वेळा. खाली थेट काँक्रीटवर बसवलेली फरशी असेल तर तो धक्का कुठेच मुरत नाही, परत नडगीत आणि टाचेत येतो. हॉल बघायला जाल तेव्हा भिंतींचा रंग नंतर बघा, आधी चप्पल काढून पाच मिनिटं तत्कार करून पाहा. आवाज कोरडा, टणक आला आणि टाचेत झिणझिण्या आल्या तर तिथे रोज चार तास उभं राहता येणार नाही.

लाकडी तळ स्वतः करायचा असेल तर खालून वर असा क्रम ठेवा. ओल अडवायला जाड प्लास्टिकचा कागद. त्यावर फूटभर अंतराने रबराचे तुकडे, 12 ते 20 मिमी जाडीचे. त्यावर 12 मिमी प्लायचा थर, आणि त्याला आडवा दुसरा 12 मिमीचा थर. दोन थरांचे सांधे एकावर एक येऊ देऊ नका, नाहीतर सांध्यावर प्लाय दबतो आणि नेमका तिथेच पाय मुरगळतो. स्क्रूची डोकी आत खोल बसवून पुट्टीने बंद करा. भिंतीलगत चारही बाजूंनी सेंटीमीटरभर फट सोडा, पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि फट नसेल तर मधून उचकतं. वर मॅट पॉलिश. चकचकीत लॅमिनेट घामाने निसरडं होतं.

भाड्याच्या हॉलमध्ये कायमचा तळ करता येत नाही. तिथे 18 मिमी प्लायच्या शीट वापरता येतात, पण 8×4 फुटांची अख्खी शीट साधारण 35 किलो भरते, म्हणून अर्धी कापून घ्या आणि खाली पातळ रबर चिकटवा.

फोमच्या रंगीत चटया कथकसाठी अजिबात नकोत. टाच आत रुतते, पायाचा नाद मरतो, आणि चक्कर (गिरकी) घेताना तळवा चिकटून राहतो तर गुडघा पुढे वळतो. गुडघ्याची दुखणी अशीच सुरू होतात.

फिजिओ_रेवती
मध्यलय यांना अनुमोदन. नडगीच्या आतल्या कडेला बोटाने दाबल्यावर लांबट पट्ट्यात दुखत असेल तर तो अतिवापराचा ताण असतो. तत्कार कमी करून, पोटरीचं बळ वाढवून तो बरा होतो. पण दुखणं एकाच बोटभर जागी असेल, उडी मारल्यावर कळ येत असेल, रात्री ठणकत असेल तर हाडाला सूक्ष्म भेग पडल्याची शंका घ्या. तेव्हा तत्कार पूर्ण बंद आणि अस्थिरोगतज्ज्ञांकडे जाणं. सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये ही भेग बऱ्याचदा दिसत नाही, म्हणून 'एक्स-रे साफ आहे' यावर परत नाचायला लागू नका.

कथकमध्ये पाय सरळ असतात, पण 'सरळ' म्हणजे गुडघा मागे ढकलून कुलूप लावणं नव्हे. लवचिक सांध्यांच्या मुलींमध्ये हे फार दिसतं. बाजूने उभं राहून बघा. घोटा, गुडघा, खुबा एका रेषेत हवेत. गुडघा रेषेच्या मागे गेला असेल तर 'गुडघे किंचित मोकळे सोड' एवढंच सांगा.

सुरुवातीला 8 ते 10 मिनिटं अंग गरम करा: जागच्या जागी चालणं, घोटे फिरवणं, पंजावर उचलणं, खांदे-मनगटं. ताण देऊन धरून ठेवायचे व्यायाम तास संपल्यावर. आणि शिक्षिकेसाठी सांगते, दिवसातल्या प्रत्येक बॅचबरोबर पूर्ण ताकदीने तत्कार करू नका. एकदा करून दाखवा आणि मग हाताने ताल धरा. तुमचे पाय हेच तुमचं भांडवल आहे.

मृण्मयी_ठाह
फारच उपयोगी. हॉल साधारण 400 चौरस फुटांचा मिळतोय. किती मुली बसतील? आणि फी?

हिशेबनीस
मोठ्या मुलीला दोन्ही हात पसरून फिरायला 6×6 फूट लागतात, म्हणजे 36 चौरस फूट. 400 मधून तुमची जागा, दार, पिशव्या-चपलांचा कोपरा मिळून 75-80 वजा करा. उरतात 320. म्हणजे 8 ते 9 मोठ्या मुली. लहान मुलींना 5×5 पुरतं, तिथे 12 पर्यंत जाता येईल. त्यावर गेलात तर मागच्या रांगेचे पाय दिसत नाहीत, आणि न दिसणारे पाय चुकीचेच पक्के होतात.

फीसाठी शेजारच्या क्लासची फी विचारत बसू नका. उलट्या बाजूने हिशेब करा. समजा हॉल 400 रुपये तास आहे आणि बॅच आठवड्याला दोन तास. महिन्याला सरासरी साडेआठ तास, म्हणजे 3,400 रुपये भाडं. भाडं जमा फीच्या एक तृतीयांशाच्या वर जाऊ नये असं धरलं तर त्या बॅचची जमा 10,200 हवी. नऊ मुली असतील तर डोई साधारण 1,150. सहाच मुली असतील तर तेच 1,700 होतं, आणि ते तुमच्या भागात परवडणारं नसेल तर हॉल महाग आहे, फी कमी नाही. आकडे मी नुसते उदाहरणाला घेतलेत, तुमचे घाला.

महिन्याची फी घेऊ नका, तिमाही घ्या, आगाऊ. तिमाहीत 13 आठवडे, म्हणजे 26 तास होतात. कागदावर 24 लिहा. दोन तास गणपती, दिवाळी किंवा तुमच्या कार्यक्रमात जातातच, मग कुणाला भरपाई द्यावी लागत नाही. विद्यार्थिनी स्वतः गैरहजर असेल तर फी वळती होणार नाही, हे प्रवेश अर्जावरच छापा. मार्चच्या परीक्षा आणि मे महिना धरून वर्षाचं उत्पन्न दहा महिन्यांचं समजा.

लयवेडी
+1. यात एक भर. आठवी-नववीत प्रवेशाची गर्दी होते, कारण शास्त्रीय नृत्याच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या परीक्षांवर दहावीला वाढीव गुण मिळतात. त्याच मुली दहावीनंतर गळतात. गुणांसाठी आलेल्यांवर क्लासचं गणित मांडू नका. सहा-सात वर्षांच्या मुलींची बॅच दरवर्षी नवी सुरू झाली पाहिजे, नाहीतर पाचव्या वर्षी वरच्या बॅचला मुली उरत नाहीत. वाढीव गुणांचे नियम आणि प्रस्तावाच्या तारखा बदलत असतात, त्या शाळेकडून दरवर्षी नव्याने घ्या.

पढंत_पहिली
आता शिकवण्याबद्दल कुणीतरी बोलू या. जागा-फी नीट केली आणि तत्कार कच्चा राहिला तर काय उपयोग?

पहिले तीन महिने. एका तासाची विभागणी अशी ठेवून बघा: 10 मिनिटं अंग गरम, 15 तत्कार, 10 हस्तक (हातांच्या हालचाली), 10 हाताने ताल देत पढंत (बोल तोंडाने म्हणणं), 10 नवीन काही, 5 शांत करणं. लहान मुलींना सलग 15 मिनिटं तत्कार झेपत नाही, पाच-पाचचे तीन तुकडे करा आणि मध्ये हस्तक घाला.

तत्कारात बहुतेक ठिकाणी 'ता थेई थेई तत्' उजवा-डावा-उजवा-डावा आणि 'आ थेई थेई तत्' डावा-उजवा-डावा-उजवा असा शिकवतात. म्हणजे चौथ्या आणि पाचव्या मात्रेला डावा पाय सलग दोनदा येतो, आणि आठवीवरून परत पहिलीवर येताना उजवा सलग दोनदा. पहिल्या महिन्यातली नव्वद टक्के गडबड या दोन सांध्यांवर असते. मुलगी नकळत पाय आलटून-पालटून टाकत जाते आणि 'आ'ला उजवा पडतो. पूर्ण आठ मात्रा पुन्हा पुन्हा करून हे सुटत नाही. फक्त 'थेई तत् आ थेई' एवढाच तुकडा घ्या, वीस वेळा, संथ. मग जोडा.

इतर चुका आणि त्यांची कारणं:
- पाय फार वर उचलणं. ठाहमध्ये (मूळ संथ लयीत) छान दिसतं, पण दुगुणीला (दुप्पट लयीत) वेळच पुरत नाही. पाय जमिनीपासून तीन-चार बोटंच उचलायचा.
- आवाज फुसका. तळवा सपाट न पडता आधी टाच किंवा आधी पंजा पडतो. एक पाय स्थिर ठेवून, दुसऱ्याने नुसते सपाट आघात करून घ्या आणि कानाने तपासा.
- नजर खाली. पायांकडे बघितलं की पाठ वाकते आणि वजन पुढे जातं. समोर डोळ्याच्या उंचीवर एक खूण चिकटवा.
- दुगुणीत लय पळणं. हे सगळ्यात चिवट. मुलींना वाटतं दुगुण म्हणजे जोरात. मात्रा तीच राहते, तिच्यात आघात दोन होतात, हे अंगात उतरायला हाताने मात्रा देत तोंडाने आधी ठाह मग दुगुण म्हणायला लावा, पाय न हलवता. मिनिटाला 60 मात्रा ठेवा. एक आवर्तन (तालाचा एक पूर्ण फेरा) ठाह, एक दुगुण, परत ठाह. परत ठाहवर येताना जिची लय मूळ जागी येते तिला दुगुण आली. 60 ला चौगुण म्हणजे मिनिटाला 240 आघात होतात, त्यामुळे घाई नको. तीन मिनिटं न तुटता स्वच्छ झालं की 4-5 मात्रांनी वाढवा.

अभिनयपक्ष
घुंगरांचं लिहिलं नाहीत. माझं मत, पहिले सहा महिने घुंगरू नकोत. सगळ्यांच्या घुंगरांच्या गलक्यात चुकीचा पाय लपतो. अनवाणी पायाचा आवाज खोटं बोलत नाही.

पढंत_पहिली
गलक्याबद्दल खरं आहे, पण सहा महिने फार होतात. दोन-तीन महिन्यांनी पायाला 25 घुंगरू बांधून एकेकीकडून करून घ्यावं. घुंगराने आघात संपल्यावर पाय स्थिर ठेवायची सवय लागते. नुसत्या पायाला ती लागत नाही, कारण थरथर ऐकूच येत नाही. मग हळूहळू 50, आणि मोठ्या वयात 100 ते 150. वजन वाढवताना एकदम दुप्पट करू नका.

अभिनयपक्ष
एकेकीकडून करून घेणार असाल तर हरकत नाही. बारा मुलींच्या बॅचमध्ये ते कितीजण करतात, हा माझा प्रश्न आहे.

घेताना मात्र सगळ्यांनी हे बघा: पितळी, दोरीत ओवलेले, प्रत्येक घुंगरानंतर गाठ असलेले. चामड्याच्या पट्ट्यावर शिवलेले भरतनाट्यमसाठी असतात. कथकमध्ये दोरी घोट्याभोवती गुंडाळून वर चढवायची असते. गाठ बाहेरच्या बाजूला, आणि टोक आत खोचलेलं. सैल बांधले की चक्करात खाली सरकतात आणि टाचेखाली येतात. नवे घुंगरू ओवून आणले की प्रत्येक वाजवून बघा, काहींचा आवाज बद्द असतो.

जुना_तबला
तबलजीच्या बाजूने लिहितो. क्लासमध्ये लेहऱ्याचं (तालासोबत सतत फिरणाऱ्या धुनेचं) ॲप वापरा, त्यात वाईट काही नाही. पण महिन्यातून निदान एकदा तरी प्रत्यक्ष तबला आणा. ॲपची लय चुकत नाही आणि वाटही बघत नाही. ज्या मुलींनी फक्त ॲपवर रियाज केला त्यांना रंगमंचावर तबलजीकडे बघून 'आता तुकडा (छोटी रचना) घेते' हे सांगता येत नाही, आणि उठान (तबल्यावरची जोरकस सुरुवात) कधी द्यायचं ते आम्हाला कळत नाही.

दुसरं, मुलींना तिहाईचा (एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर येण्याचा) हिशेब शिकवा, नुसती पाठ करून घेऊ नका. तीनतालात (16 मात्रांचा ताल) समेपासून (पहिल्या मात्रेपासून) समेपर्यंत तिहाई आणायची तर शेवटचा आघात सतराव्या मात्रेवर, म्हणजे पुढच्या समेवर यायला हवा. 5 मात्रांचा तुकडा तीनदा आणि मध्ये एकेक मात्रा दम (थांबा): 5+1+5+1+5, सतरा झाले. बेदम (मध्ये न थांबता) हवी असेल तर खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून, उचला: 'तिगधा दिगदिग थेई' तीन मात्रा, तीनदा, नऊ. नवव्या मात्रेवर सुरू केली की शेवटचा 'थेई' समेवर. हे दोन हिशेब समजलेली दहा वर्षांची मुलगी झपतालासाठी (10 मात्रांचा ताल) स्वतः तिहाई बसवते. मग तिला रंगमंचावर हरवायला होत नाही. विसरली तरी कुठे उचलायचं ते मोजता येतं.

साथीदारांच्या पैशांचंही सांगून टाकतो. मानधन ठरवताना कार्यक्रमाचे किती आणि तालमींचे किती हे आधीच वेगळं बोला. निदान दोन पूर्ण तालमी आणि एक रंगमंचावरची. आयोजकाचे पैसे महिन्याने आले तरी साथीदारांना त्याच रात्री द्या. या क्षेत्रात तुमचं नाव सगळ्यात आधी साथीदारांच्या तोंडून पसरतं.

मृण्मयी_ठाह
तिहाईचा हिशेब असा सरळ मांडलेला कधी वाचला नव्हता, धन्यवाद दादा. कार्यक्रम मिळवण्याबद्दल आणि शिष्यवृत्त्यांबद्दल कुणी सांगाल का?

लयवेडी
शिष्यवृत्त्यांपासून घेते. सीसीआरटीची (सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्र) शिष्यवृत्ती 10 ते 14 वयाच्या मुलांसाठी आहे, ती तुमच्या विद्यार्थिनींना. तुमच्यासाठी केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांची शिष्यवृत्ती: वय 18 ते 25, दरमहा 5,000 रुपये, दोन वर्षं, गुरूकडे प्रगत शिक्षणासाठी. पुढे 25 ते 40 वयात कनिष्ठ फेलोशिप, दरमहा 10,000, आणि चाळिशीनंतर वरिष्ठ, दरमहा 20,000, दोन्ही दोन वर्षांच्या. फेलोशिपला संशोधनाचा आराखडा लागतो. 'कथकचा इतिहास' असा ऐसपैस विषय घेतला तर टिकत नाही. एखाद्या तालातल्या रचना, एखाद्या घराण्याची गतनिकास (चालीतून पात्र उभं करणं), असा आवळलेला विषय घ्या.

दूरदर्शनची श्रेणी आणि पुढे आयसीसीआरच्या (भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद) यादीत नाव, ही शिडी सावकाश चढायची. श्रेणीमुळे आपोआप कार्यक्रम येत नाहीत, पण सरकारी महोत्सवांच्या अर्जात तो रकाना असतो.

आयोजकांना पाठवायची चित्रफीत: तीन ते चार मिनिटं. त्यातली निदान दोन मिनिटं तीनतालातलं, न कापलेलं, एकाच कॅमेऱ्याने, डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण चौकटीत. पाय कापलेली चित्रफीत जाणकार आयोजक तिथेच बंद करतो. घुंगरांचा खरा आवाज हवा, वरून चढवलेलं संगीत नको. मग मिनिटभर अभिनय, जवळून. नाव आणि संपर्क शेवटी. मंद गतीतले तुकडे, धूर, शीर्षकांची आतषबाजी, सगळं काढा.

अभिनयपक्ष
कार्यक्रमाच्या बांधणीवर थोडं. 45 मिनिटं मिळाली तर वंदना 6, तीनताल 22, अभिनय 10, तराणा 7, असं साधारण बसतं. नवीन मुली तीनतालात सगळं कोंबतात: थाट, आमद, परण, चक्रदार, कवित्त, लडी, सगळंच. प्रेक्षक थकतो आणि नाचणारीचा दम अभिनयाच्या वेळी संपलेला असतो. ठुमरीत श्वास वर लागलेला दिसला की भाव गेला. तीनताल आणि अभिनय यांच्यात दोन मिनिटं तबला किंवा गाण्याला द्या.

रंगमंचावर पोचल्यावर सगळ्यात आधी अनवाणी पायाने पूर्ण फिरून खिळे, फटी, चिकटपट्ट्या बघा. घुंगरांसाठी पुढच्या कडेला जमिनीवर ठेवायचे दोन माइक मागा, आणि पढंतीसाठी एक वेगळा. तुमच्याकडे तोंड केलेला एक स्पीकर हवा आणि त्यात लेहरा मोठा. हे नसेल तर घुंगरांच्या आवाजात लेहरा बुडतो आणि लय सुटते. रेकॉर्डवर नाचणार असाल तर ध्वनिफीत दोन वेगळ्या उपकरणांवर ठेवा, आणि फोनवरून वाजवणार असाल तर तो विमान मोडवर.

हिशेबनीस
कायदा-कराचं, मृण्मयीताई विचारत होत्या.

वीसपेक्षा कमी माणसं कामाला असतील तर महाराष्ट्रात दुकाने-आस्थापना कायद्याखाली नोंदणीऐवजी नुसती सूचना ऑनलाइन द्यायची असते. त्याची पावती बँकेत चालू खातं उघडायला उपयोगी पडते. क्लासच्या नावाने वेगळं खातं पहिल्या दिवसापासून ठेवा.

जीएसटी: सेवांची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही. शास्त्रीय किंवा लोकनृत्याच्या सादरीकरणाचं मानधन एका कार्यक्रमाला दीड लाखापर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही. क्लासच्या फीचा नियम वेगळा आहे (कलेचं शिक्षण एखादी व्यक्ती स्वतः देत असेल तर त्या फीला वेगळी सवलत आहे), हे बरेचजण एकत्र समजतात. आयोजक मानधनातून 10 टक्के टीडीएस (आगाऊ आयकर) कापून देतात. तो तुमचाच पैसा आहे. विवरणपत्र भरून कर बसत नसेल तर परत मिळतो, म्हणून पावती मागा आणि जुळवून बघा. साथीदारांचे पैसे बँकेतून द्या, म्हणजे खर्च म्हणून दाखवणं सोपं जातं.

वार्षिक कार्यक्रमात चित्रपटगीत वाजवणार असाल तर दोन वेगळे हक्क असतात: ध्वनिमुद्रणाचा, त्यासाठी पीपीएल ही परवाना देणारी संस्था, आणि शब्द-संगीताचा, त्यासाठी आयपीआरएस. नाट्यगृह बऱ्याचदा तारखेआधी कागद मागतं, आयत्या वेळी धावपळ नको. स्वतःच्या साथीदारांकडून ध्वनिमुद्रण करून घेतलं तर उत्तम, पण ते इंटरनेटवर टाकण्याची परवानगी त्यांच्याकडून लेखी घ्या.

फिजिओ_रेवती
मुलांच्या सुरक्षिततेचं कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते. शरीराची ठेवण सुधारताना हात लावावा लागतो. प्रवेशाच्या वेळीच पालकांना सांगा की कुठे आणि कसा लावला जाईल, आणि मुलीला दर वेळी विचारा. खांदा-कोपर-मनगट ठीक. पाठ-कंबर सुधारायची असेल तर आरसा दाखवून किंवा स्वतःच्या अंगावर करून दाखवा. तासाचं दार उघडं किंवा काचेचं. कपडे बदलायची जागा वेगळी आणि आतून कडी लागणारी. फोटो-चित्रफीत टाकायला पालकांची लेखी संमती. मदतनीस ठेवलात तर त्यांची पोलीस पडताळणी करून घ्या. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, ते शिक्षिकेच्या मर्जीवर नाही.

मध्यलय
सोसायटीच्या हॉलबद्दल राहिलं. तळमजलाच घ्या. वरच्या मजल्यावरच्या तत्काराचा आवाज खालच्या घरात ढोलासारखा उतरतो आणि दोन महिन्यांत तक्रार येते. लेखी परवानगी, वेळा त्यात नमूद, आणि दुपारी दोन ते चार कधीही नको.

मृण्मयी_ठाह
शेवटचा प्रश्न. परगावच्या दोन मुली ऑनलाइन विचारत आहेत. तत्कार ऑनलाइन शिकवता येतो का?

पढंत_पहिली
एकत्र करता येत नाही. आवाज उशिरा पोचतो, तुमची टाळी आणि तिचा पाय कधीच जुळणार नाहीत, आणि जुळवायच्या नादात ती लय बिघडवून घेते. लेहरा तिच्याकडे, तिच्या फोनवर वाजू द्या. तुम्ही फक्त बघायचं आणि थांबवून सांगायचं. कॅमेरा कमरेच्या उंचीवर, आठ-नऊ फुटांवर, पाय पूर्ण दिसतील असा. नवीन रचना देताना पाठमोरं उभं राहून दाखवा म्हणजे उजवं-डावं उलटत नाही. तासाआधी तिने दोन मिनिटांची चित्रफीत पाठवावी. त्यात दोष आधी दिसतात आणि तासाचा वेळ वाचतो. हस्तक, पढंत, ताल-लिपी लिहिणं, लेखीची तयारी हे ऑनलाइन उत्तम होतं. अगदी नव्या मुलीला मात्र पहिले सहा महिने ऑनलाइन घेऊ नका, महिन्यातून एकदा प्रत्यक्ष येणार असेल तरच हो म्हणा.